तीन रमाबाई

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, उत्तर तीरावर, दाभोळ हे जुने बंदर वसले आहे. एके काळी येथून अरबस्तान व इराण या देशांशी मोठा व्यापार चाले. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन प्रवासी दक्षिण हिंदुस्थानात हिंडून मायदेशी परत निघाला, तो याच बंदरातून. १५०८ साली पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले. कालांतराने बंदराचे वैभव ओसरले. तथापि मासळीचा व्यवहार मात्र चालू राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिकू धुत्रे नावाचे एक गृहस्थ या बंदरावर मोलमजुरी करीत. ते दापोलीजवळच्या वणंद या गावचे राहणारे. मासळीने भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन त्या दाभोळ बंदरातून बाजारात पोचवायच्या, हा त्यांचा व्यवसाय होता. ज्या समाजाला त्या काळी अस्पृश्य लेखीत असत, त्या समाजात त्यांचा जन्म झाला होता. ७ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांना एक कन्या झाली. घरची माणसे तिला 'रामी' म्हणत. पुढे ती रमाबाई या नावाने ओळखली जाऊ लागली.

रमा हे लक्ष्मीचे नाव होय. देवदेवतांची नावे मुलांना ठेवावीत, आजोबांचे किंवा आजीचे नाव नातवंडाला द्यावे, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. शिवाय लग्नात मुलीचे माहेरचे नाव बदलून तिला सासरचे नवे नाव देण्याची चालही होती. त्यामुळे एकच नाव घरोघरी आढळून येई. माधवराव पेशव्यांच्या पत्नीचे नाव रमाबाईच होते. १७७२ साली थेऊर येथे माधवरावांचा अंत झाला आणि रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. पतीच्या मृत्यूबरोबर स्त्रीचेही आयुष्य संपले, असे मानणारा तो काळ होता.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी महाराष्ट्रात तीन रमाबाई उदयास आल्या. तिघींचे नाव एक, परंतु जन्म, संस्कार, संकटे व कार्य ही सर्वस्वी भिन्न. पहिल्या पंडिता रमाबाई, दुसऱ्या रमाबाई रानडे आणि तिसऱ्या, वर सांगितलेल्या वणंदच्या रमाबाई. तिघींची चरित्रे एकापुढे एक ठेवून पाहिली, म्हणजे नाव आणि माणूस यांचा संबंध कसा असतो, हे ध्यानात येते.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळचा दंडक होता. शास्त्रीबुवांनी तो मानला नाही. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि लोकांचा विरोध होऊ लागताच ते रानात आश्रम बांधून राहिले. तेथे पहाटेच्या वेळी लक्ष्मीबाई आपल्या लहानग्या रमेकडून श्लोक म्हणवून घेत. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर पायी हिंडले. या भ्रमंतीतच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला. अन्नावाचून आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. ते पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या तरुणीचे संस्कृतचे ज्ञान पाहिले आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु दैवाचे आघात थांबले नव्हते. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही निवर्तले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

अशा स्थितीत रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी १८८२ सालीच आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी तेथे निक्षून सांगितले. पुढील वर्षी त्या इंग्लंडास गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली त्या अमेरिकेस पोचल्या. हिंदुस्थानातील विधवांची स्थिती त्यांनी तेथील लोकांपुढे मांडली, इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि मदत गोळा केली.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी 'शारदा सदन' ही शाळा उघडली. दुसऱ्याच वर्षी ती पुण्यास आली. या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी कोकणातील होती. तिचे नाव गोदूबाई. १८९३ साली गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वे हे मुरूडचे. दाभोळच्या उत्तरेस त्याच किनाऱ्यावर हे गाव आहे. विधवेशी विवाह केला म्हणून गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. तरीही कर्वे डगमगले नाहीत. त्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो, तो असा.

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामुळे आणि शारदा सदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागल्यामुळे पुण्यात मोठा वाद माजला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी १८९३ साली सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. तरी रमाबाईंनी अनाथ स्त्रियांचे काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः दुष्काळी मुलुखात हिंडल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. दुष्काळात आपली माणसे कशी जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. या मुलींसाठी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे 'मुक्ती सदन' उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुले राहत होती. शेती, विणकाम, छापखाना अशी नाना कामे स्त्रियाच करीत. उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

१८८२ साली पुण्यात आर्य महिला समाजाच्या सभा भरत, तेव्हा तेथे येणाऱ्यांत वीस वर्षांच्या एक बाई होत्या. त्यांचेही नाव रमाबाईच. मात्र हे नाव त्यांना जन्मतः मिळालेले नव्हते. १८६२ साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी त्या जन्मल्या, तेव्हा त्यांचे नाव यमुना ठेवले होते. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि सासरी त्या रमा झाल्या. माहेरी त्यांना अक्षरओळखही नव्हती.

रानडे हे न्यायखात्यात मोठ्या अधिकारावर होते. त्यांनी लग्नानंतर लगेच पत्नीला शिकविण्यास आरंभ केला. प्रथम मराठी, मग इंग्रजी. परंतु घर मोठे व जुन्या वळणाचे होते. सून पाटीपुस्तक घेऊन बसते, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मुळीच रुचत नसे. टोमणे, अबोला व उपहास हे रोजचेच झाले. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंना शिवले म्हणून धड्यानंतर स्नान करण्याचीही सक्ती होई. रमाबाईंनी उलट उत्तर कधी केले नाही आणि अभ्यासही कधी सोडला नाही. पतीबरोबर कलकत्त्यास राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या बंगाली वाचू लागल्या. त्यांना शिकविण्यासाठी रानडे आधी स्वतः ती भाषा शिकले आणि अडलेला शब्द दाढी करण्यास येणाऱ्या न्हाव्यालाही विचारीत. विद्या घेण्यात कमीपणा नसतो, हा धडा त्या घरात असा मिळत होता.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून सभा भरली, त्या वेळी रमाबाईंनी भरसभेत इंग्रजी भाषण वाचून दाखविले. घरी आल्यावर त्यांना बोलणी खावी लागली. परंतु १८८४ साली मुलींची शाळा निघाली आणि 'हुजूरपागा' या नावाने ती प्रसिद्धीस आली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे देहावसान झाले. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे अडतीस वर्षांचे होते. सुमारे एक वर्ष त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनी उरलेले सारे आयुष्य स्त्रियांच्या सेवेस वाहिले. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री-कैद्यांची विचारपूस करीत. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात 'सेवा सदन' सुरू केले. तेथे स्त्रियांना लेखन-वाचन, शिवणकाम व अध्यापन यांचे शिक्षण मिळू लागले. रोग्यांची शुश्रूषा करणे हा त्या काळी हलका धंदा समजत. सेवा सदनाने आपल्या विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले आणि त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९१० साली रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार मानाचे आहे. अक्षरओळख नसलेली यमुना अशा रीतीने ग्रंथकर्त्री झाली. १९२४ साली त्यांचा अंत झाला.

या दोघी रमाबाई पुण्यात विद्यादान करीत होत्या, त्या काळात वणंदची रमा बालपणीच पोरकी झाली होती. प्रथम आई रुक्मिणी गेली, मागोमाग वडीलही गेले. दाभोळच्या बंदरातून टोपल्या वाहणारा हात नाहीसा झाला आणि नातेवाइकांनी या भावंडांना मुंबईस आणले. रमा नऊ वर्षांची असताना तिचे लग्न भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याशी झाले. लग्नाला मांडव नव्हता. भायखळ्याच्या बाजारातील एका शेडमध्ये, दिवसाची विक्री संपल्यावर रात्री हे लग्न लागले. मासळी मांडण्याचे दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक होती आणि पहाटे कोळिणी येण्यापूर्वी ती जागा मोकळी करून द्यावयाची होती.

१९१३ साली भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. १९१६ साली ते तेथून लंडनला गेले व १९१७ साली परत आले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ साली परतले. या सर्व काळात परळच्या चाळीतील संसाराचा भार रमाबाईंवर होता. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते; परंतु पती कशासाठी शिकत आहे, हे त्यांना पुरते कळले होते. घरात पैशांची चणचण असे. रमाबाई शेण गोळा करून आणीत, गोवऱ्या थापीत आणि त्यांवर संसाराला हातभार लावीत. आपल्या अडचणी सांगून पतीच्या अभ्यासात त्यांनी व्यत्यय आणला नाही. त्यांना पाच अपत्ये झाली; त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. एकटे यशवंतराव तेवढे वाचले.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक तळ्याचे पाणी सर्वांना मिळाले पाहिजे, यासाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर लढत होते. सभा, दौरे, ग्रंथलेखन यांत ते गढलेले असत आणि घराची काळजी रमाबाई वाहत. त्या भाविक होत्या. पंढरपुरास जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांना दुरूनच हात जोडावे लागत. जी पंढरी भक्ताला देवापासून दूर ठेवते, तेथे जाण्यापेक्षा आपण लोकसेवेने दुसरी पंढरी निर्माण करू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजाविले. २७ मे १९३५ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. पुढे बारा वर्षांनी, १९४७ साली, पंढरपूरच्या मंदिराचे दार सर्वांना उघडले. त्यासाठी उपोषण करणारे साने गुरुजी हे पालगडचे. पालगड आणि वणंद ही दोन्ही गावे दापोली तालुक्यातच आहेत.

'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी १९४० च्या अखेरीस सिद्ध केला. तो त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला आहे. पत्नीच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मनाचा मोठेपणा आणि अडचणीच्या दिवसांत बरोबरीने सोसण्याची तयारी यांचे ऋण त्यांनी अर्पणपत्रिकेत मानले आहे. वणंद येथे आज रमाबाईंचे स्मारक आहे.

इतिहास वाचताना नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा होण्याचा संभव असतो. 'रमाबाईंनी पुण्यात स्त्रियांसाठी सदन चालविले', एवढेच वाक्य वाचले तर ते कोणत्या रमाबाईंविषयी आहे, हे सांगता येणार नाही. शारदा सदन एकीचे आणि सेवा सदन दुसरीचे. अशा वेळी आडनाव, साल व गाव ही पाहिली म्हणजे माणूस नेमका ओळखता येतो. परंतु माणसाची खरी ओळख तेवढ्याने पुरी होत नाही. ती त्याच्या कृतीवरून पटते.

या तिघींपैकी कोणीही आपले नाव स्वतः निवडले नव्हते. एकीला ते आईवडिलांनी दिले, एकीला सासरी मिळाले, एकीच्या घरगुती नावाला पुढे ते रूप आले. आयुष्यात आलेली संकटेही त्यांनी मागून घेतली नव्हती. एकीने दुष्काळ सोसला, दुसरीने घरातील उपहास, तिसरीने दारिद्र्य आणि अस्पृश्यतेचा अपमान. त्या संकटांत काय करावयाचे, हे मात्र प्रत्येकीने स्वतः ठरविले. पंडिता रमाबाईंनी निराश्रितांना घर दिले. रमाबाई रानडे यांनी घरात कोंडलेल्या स्त्रियांच्या हाती विद्या व व्यवसाय दिला. रमाबाई आंबेडकरांनी संस्था काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. परंतु ज्या विद्येच्या बळावर पुढे लक्षावधी माणसे मान वर करून उभी राहिली, त्या विद्येचा दिवा त्यांनी आपल्या कष्टांनी तेवत ठेवला. संस्थेच्या पाटीवर नाव लागते, तेच काम मोठे असे नव्हे. ज्या कामाला पाटी नसते, तेही तितकेच मोठे असू शकते.

रमा म्हणजे लक्ष्मी. धन या अर्थाने पाहिले तर ती तिघींच्याही वाट्यास सारखी आली नाही. परंतु दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची जी संपत्ती असते, ती या तिघींपाशी विपुल होती. नाव वडीलधारी माणसे देतात. त्यात अर्थ भरण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

स्वाध्याय

१. अनंतशास्त्री डोंगरे रानात जाऊन का राहिले?
२. पंडिता रमाबाईंनी शिक्षण आयोगापुढे कोणत्या दोन गोष्टी सुचविल्या? त्यांची आवश्यकता का होती, ते सांगा.
३. रमाबाई रानडे यांना शिकताना कोणत्या अडचणी आल्या? त्यांना त्यांनी कसे तोंड दिले?
४. 'एका दिव्याने दुसरा दिवा लागतो', हे वाक्य पाठात कोणत्या प्रसंगास उद्देशून आले आहे?
५. रमाबाई आंबेडकरांनी संस्था काढली नाही, तरी त्यांचे कार्य मोठे का मानावे? आठ-दहा ओळींत लिहा.
६. तुमच्या वर्गात किंवा गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असल्यास त्यांचे स्वभाव व व्यवसाय यांतील फरक सांगा.
७. पुढील शब्द वाक्यांत योजा : मुखोद्गत, दंडक, उपहास, व्यत्यय, विपुल.